रात्रीच्या स्टँडबायचा पगार मिळतो का? (लिफ्ट मेकॅनिक, तासावर काम)

उदगीरकर_थेरगाव

नमस्कार मंडळी. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. उदगीर तालुक्यातला, आयटीआय इलेक्ट्रिशियन, नऊ वर्षं झाली पिंपरी-चिंचवडला येऊन. थेरगावात एका खोलीत मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी राहतो. लिफ्टची कंपनी मोठी आहे, पण आम्ही तिच्या कंत्राटदाराकडे. पगार तासावर आहे, तासाला ११० रुपये. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, जेवणाचा तास कापून ८ तास, आठवड्याचे सहा दिवस. साइटवर पोचलं की मोबाईलच्या ॲपवर पंच करायचं, निघताना पुन्हा करायचं. ॲपवर जेवढे तास दिसतील तेवढेच पैसे.

अडचण स्टँडबायची आहे. आमच्या झोनला आधी चौघं होतो, तेव्हा महिन्यातून एक आठवडा पाळी यायची. दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आता आठवड्याआड पाळी. पाळी म्हणजे संध्याकाळी ६ ते सकाळी ९ फोन चालू पाहिजे, वाजला की लगेच उचलला पाहिजे, आणि माणूस अडकला असेल तर ३० मिनिटांत साइटवर हजर. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत आणि हिंजवडीचा पहिला फेज, एवढा पट्टा दोघांत. या वेळेचा रुपया मिळत नाही. रात्री साइटवर जाऊन पंच करायला गेलो तर ॲप घेतच नाही, ‘शिफ्ट सुरू नाही’ असं लाल अक्षरात येतं. पेट्रोलचे म्हणून महिन्याला ६०० रुपये देतात, बाकी काही नाही.

मागच्या महिन्यातली एक रात्र सांगतो. २.१० ला फोन आला. पुनावळ्याची अकरा मजली इमारत, लिफ्ट सहाव्या-सातव्याच्या मध्ये अडकलेली, आत एक आजी आणि त्यांचा नातू. गावाकडून रात्रीच्या बसने आलेले. लाइट गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडायला एआरडी बसवलेली असते, पण तिची बॅटरी संपलेली. तीन सर्व्हिस रिपोर्टांवर मी स्वतः ‘बॅटरी बदलणे’ लिहून सही घेतलेली आहे. मग काय, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन मेन बंद केला. आता एकाने लिव्हर दाबून ब्रेक सोडायचा आणि दुसऱ्याने हाताने चाक फिरवायचं, असं हे दोन माणसांचं काम आहे. रात्री आम्हाला एकट्यालाच पाठवतात. वॉचमनकाकांना वर नेलं, लिव्हरवर त्यांना उभं केलं, ‘मी सोडा म्हटलं की लगेच हात काढायचा’ एवढंच शिकवलं आणि चाकावर मी. बित्त्याबित्त्याने केबिन सहाव्याच्या लेव्हलला आणली, खाली धावत जाऊन चावीने दार उघडलं. आजी खाली फरशीवर बसल्या होत्या. उठताना त्यांनी माझं मनगट धरलं ते घराच्या दारापर्यंत सोडलं नाही.

म्हणून मला फोन बंद ठेवता येत नाही. आत अडकलेल्या माणसाला ‘माझी ड्युटी संपली’ असं कसं सांगायचं? साहेबांना हे पक्कं माहीत आहे, आणि त्याच जिवावर हे सगळं चाललंय.

आता घरचं. आमच्या दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप, एवढंच आहे. रात्री बाहेर पडताना बायको-लेकराला बाहेरून कुलूप घालून कोंडून जायचं का? ते मला जमत नाही. म्हणून मी निघालो की तिला उठून आतून कडी घालावी लागते, परत आलो की पुन्हा उठून उघडावी लागते. ती डांगे चौकात एका मेसला पोळ्या करायला जाते. पोळीमागे दीड रुपया, रोजच्या ३०० पोळ्या. पावणेचारला तिचा अलार्म असतो, साडेचारला ती निघते. दोनला उठलेली बाई पुन्हा झोपत नाही, भिंतीला टेकून बसून राहते. आणि मी साडेचारला बाहेरच असलो तर लेकराजवळ कोण? मागच्या पाळीत दोनदा तिने मुलीला झोपेतच खांद्यावर टाकून मेसला नेलं, पिठाच्या पोत्यांशेजारी गोणपाटावर झोपवलं. तिसऱ्या दिवशी गेलीच नाही, ४५० रुपये बुडाले, आणि मेसवाल्या मावशी म्हणाल्या की असं चालणार नाही. मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उदगीरला झालं तेव्हाही माझी पाळी होती. तिच्यासोबत दाजी गेले, मी फोनवर.

त्यात आता हे. मुलगी तापाने फणफणली होती, दवाखान्यातून साडेअकराला आलो आणि मला गाढ झोप लागली. १.२० चा फोन ऐकूच आला नाही. जोडीदाराने उचलला, काम झालं. महिनाअखेर माझे ४ तासांचे ४४० रुपये कापले. पगाराच्या स्लिपवर कारण लिहिलंय, ‘स्टँडबाय गैरहजेरी’.

मी वहीत हिशेब ठेवतो. मागच्या महिन्यात १४ रात्री पाळी होती. १७ फोन आले, ११ फोनवरच मिटवले (दारात चप्पल अडकलेली, सेन्सरवर धूळ, असलं), ६ वेळा जावं लागलं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत धरलं तर १३ तास ४० मिनिटं. आणि नुसतं बांधून बसलो तो वेळ १४ गुणिले १५, म्हणजे २१० तास. रविवारचा दिवस यात धरलेलाच नाही. माझे पगाराचे तास महिन्याला २०८ असतात.

हे २१० तास कुणाचे? कायद्यात हे काम धरतात का, आणि नोकरी न जाता मागायचं कसं, एवढं कुणी जाणकार सांगेल का?


सेक्रेटरी_रावेत

दादा, मी रावेतच्या एका ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तुमचं वाचलं आणि कपाटातून आमचा एएमसीचा, म्हणजे लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचा, कागद काढून बघितला. त्यात स्पष्ट छापलंय, ‘चोवीस तास ब्रेकडाउन सेवा, अडकलेल्या प्रवाशासाठी ३० मिनिटांत तंत्रज्ञ’. सर्वसाधारण सभेत दोन दरपत्रकं आली होती. आम्ही महागडं घेतलं ते याच ओळीसाठी, कारण आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी खूप आहेत. म्हणजे रात्रीचे पैसे आमच्याकडून घेतले जातात. ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत हे मला आज कळलं, आणि खरंच वाईट वाटलं.

पुरावा तुमच्याकडे नसेल पण आमच्याकडे आहे. प्रत्येक सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं, त्यात तुमचं नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ आणि तुमचीच सही असते. सेक्रेटरीला साधं पत्र द्या, त्या पानांची झेरॉक्स मिळेल. मी तरी नक्की देईन. सर्व्हिस रिपोर्टवर तारखेबरोबर वेळ लिहायला लागा, रिपोर्टची दुसरी प्रत सोसायटीकडे राहते. आणि ॲपवर ती लाल अक्षरं आली की दर वेळी स्क्रीनशॉट घ्या, वर घड्याळ दिसतं.

एक मात्र काळजीने सांगतो. वॉचमनला ब्रेकवर उभं करू नका. तुमची अडचण समजते, पण त्याचा हात अडकला किंवा केबिन घसरली तर तो गरीब माणूस आणि तुम्ही, दोघंही जाल, आणि लिफ्ट निरीक्षकांपुढे सोसायटीही उभी राहील. मी आजच आमच्या सर्व्हिस मॅनेजरना मेल केला की रात्रीच्या कॉलला दोन माणसं येणार की एक ते लेखी कळवा. एआरडीच्या बॅटऱ्याही तपासायला सांगितल्या. सोसायट्यांनी हे विचारायला लागलं पाहिजे, ते आमचंच काम आहे.


चाकण_युनियनवाला

भाऊ, मी बावीस वर्षं कारखान्यात युनियनचं काम केलंय, आता कंत्राटी पोरांचे अर्ज लिहून देतो. आधी सांगा, कंत्राटदाराकडे एकूण माणसं किती? २० किंवा जास्त असतील तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा पूर्ण लागू होतो, तसं धरून पुढचं लिहितो.

साइटवर गेलात ते १३ तास ४० मिनिटं म्हणजे कामच, त्यात वादाला जागाच नाही. फोनवर मिटवलेले ११ कॉलही काम आहेत, भले दहा-दहा मिनिटांचे असोत. तुमचे ८ गुणिले ६ म्हणजे ४८ तास दिवसपाळीतच भरतात, आणि आठवड्याला ४८ च्या वर गेलं की ओव्हरटाइम, तोही दुप्पट दराने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता (केंद्राचा पगाराचा नवा कायदा) लागू झाली, तिच्यातही ओव्हरटाइम दुपटीच्या खाली नको असंच आहे. म्हणजे तुमच्या रात्रीचा पहिला तासच २२० रुपयांचा झाला. साडेतेरा तासांचे ३००० रुपये फक्त मागच्या महिन्याचे.

घरी बांधून बसण्याचा वेळ ही अवघड गोष्ट आहे, खोटी आशा दाखवत नाही. आपल्या कायद्यात ‘घरी स्टँडबाय म्हणजे काम’ अशी सरळ ओळ नाही. ते बोलणी करून मिळवावं लागतं, रात्रीमागे ठरावीक भत्ता म्हणून. बऱ्याच ठिकाणी कायम कामगारांच्या करारात असा भत्ता असतो, कंत्राटी माणसाला कुणी तो आपणहून देत नाही.

पण भाऊ, तुमच्या हातात एक कागद आहे तो जपून ठेवा. ती पगाराची स्लिप. ‘स्टँडबाय गैरहजेरी’ असं लिहून त्यांनी ४ तास कापले. गैरहजेरी कशाची लागते? ड्युटीची. ज्या वेळेचा पगारच देत नाही त्या वेळेची गैरहजेरी लावली, म्हणजे ती ड्युटी होती हे त्यांनीच लिहून दिलं. मी एवढ्या वर्षांत मालकाच्या हातचा इतका स्पष्ट कागद फार थोड्या वेळा बघितला. त्याचे चार झेरॉक्स काढा, एक गावाकडे ठेवा. आणि दंड कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे होतं, ते घेतलं का, हेही अर्जात विचारा.

पैसे कंत्राटदाराने बुडवले तर मूळ कंपनीला द्यावे लागतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या संहितांतही ठेवलंय. म्हणून अर्ज कंत्राटदाराच्या नावाने, प्रत कंपनीला. दाव्याला आता ३ वर्षांची मुदत आहे, पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने असायचे, तेव्हा घाई करून चुकीचा कागद देऊ नका. एकट्याने मात्र जाऊ नका. एकट्याला दुसऱ्या दिवशी नाशिक रोडला पाठवतील. बाकीच्या झोनमधली माणसं जमवा, पाच-सात सह्या झाल्या तरी पुरे.


सातारा_वहिनी

भाऊजी, मला कायद्यातलं काही कळत नाही. माझे मिस्टर वीज लाइनवर कंत्राटी वायरमन आहेत. जूनचा पहिला वळीव आला की आमच्या घरात कुणी झोपत नाही. तुम्ही तुमच्या बायकोबद्दल लिहिलंत ना, भिंतीला टेकून बसून राहते म्हणून, ते वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले. मीही तशीच बसते. माणूस खांबावर असताना डोळा लागत नाही हो. तिला कडी घालायला उठावं लागतं म्हणून ती जागी आहे असं समजू नका, तुम्ही परत येईपर्यंत ती तशीही जागीच असणार. साइटवरून निघालात की ‘निघालो’ एवढा एक मेसेज टाकत जा. आमच्याकडे त्याने खूप फरक पडला.

आणि दाराचं आजच करून घ्या. नाइट लॅच म्हणून कुलूप मिळतं. बाहेर पडताना दार ओढलं की आपोआप लागतं, तुम्ही चावीने बाहेरून उघडायचं, आणि आतल्या माणसाला नुसती मूठ फिरवून केव्हाही उघडता येतं, कोंडलं जात नाही. लोखंडी दार असेल तर वेल्डिंगवाल्याकडून पट्टी मारून घ्यावी लागते. घरमालकाला विचारून करा. कडी घालण्यापुरतं तरी तिला उठावं लागणार नाही.

साडेचारचं काय करायचं ते मलाही सुचत नाही. शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल तर पाळीच्या आठवड्यापुरतं मुलीला तिथं झोपवता येईल का बघा. मी माझ्या जाऊबाईंकडे ठेवत होते.


म्युनिक_मराठी

मी जर्मनीत एका हॉस्पिटलच्या यंत्रांच्या देखभालीत आहे, मूळचा सांगलीचा. इथे या वेळेचे दोन प्रकार मानतात. ‘बेराइटशाफ्ट्सडीन्स्ट’ म्हणजे मालकाने सांगितलेल्या जागी थांबायचं, तो अख्खा वेळ कामाचा धरतात. ‘रूफबेराइटशाफ्ट’ म्हणजे घरी किंवा कुठेही थांबा, बोलावलं तर या. त्यात बोलावलेला वेळ कामाचा, आणि नुसतं थांबण्याचा बहुतेक ठिकाणी करारानुसार ठोक भत्ता. मला तो मिळतो.

घरी थांबणं म्हणजे काम नाही, हेही नेहमी खरं ठरत नाही. बेल्जियममधल्या निव्हेल गावात मात्झाक नावाचे स्वयंसेवक अग्निशामक होते. त्यांना घरी थांबायचं, पण बोलावणं आलं की ८ मिनिटांत स्टेशनवर पोचायचं, अशी अट होती. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की इतकी कमी मुदत असेल तर माणसाला स्वतःचं काहीच करता येत नाही, म्हणून तो वेळ कामाचाच. तुमच्या ३० मिनिटांना हा निकाल जसाच्या तसा लागणार नाही, आणि तो भारतात लागूही नाही. पण बोलणी करताना ‘घरीच तर असता’ असं कुणी म्हटलं तर विचारा की ३० मिनिटांत हिंजवडी गाठायची असेल तर घरी मी नेमकं काय करू शकतो. मुलीला घेऊन दवाखान्याच्या रांगेत तरी बसू शकतो का?

आपल्याकडे ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडलं. कायदा झालेला नाही. तुमच्या कामाला मात्र त्या हक्कापेक्षा पैसे आणि पुरेशी माणसंच हवीत, कारण फोन कुणीतरी उचलावाच लागणार.


उदगीरकर_थेरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, मधे एक पाळी होती.

युनियनवाले भाऊ, कंत्राटदाराकडे सगळे मिळून ३५ माणसं आहेत. आम्ही सात जणांनी सह्या केल्या. तीन सोसायट्यांनी रजिस्टरच्या झेरॉक्स दिल्या, एका ठिकाणी सेक्रेटरी नाही म्हणाले. वॉचमनकाकांनीच पुनावळ्याचं पान काढून दिलं. त्यावर ‘आत २.४५, बाहेर ३.५०’ असं माझ्या हाताने लिहिलेलं आहे, मला आठवतही नव्हतं. स्लिपची झेरॉक्स अर्जाला वर लावली, तुम्ही सांगितलं तशी.

कंत्राटदाराने शनिवारी बोलावलं. आधी आवाज चढवला, फोन उचलायचे काय पैसे मागता म्हणाला. मी म्हटलं, साहेब, उचलला नाही तेव्हा तुम्ही ४४० कापले, मग उचलायचं काहीतरी मोल असेलच ना. त्यावर तो गप्प बसला आणि स्लिप उलटून पालटून बघत राहिला. शेवटी या महिन्यापासून रात्रीच्या भेटीचे तास फोन आल्यापासून घरी पोचेपर्यंत दुप्पट दराने द्यायचं कबूल केलं, ॲपमध्ये रात्रीचं पंचही सुरू करतो म्हणाला. ४४० रुपये पुढच्या स्लिपमध्ये परत येतील. थांबण्याच्या वेळेला आम्ही रात्रीचे २०० मागितले, त्यावर ‘कंपनीला विचारून सांगतो’. दुसऱ्या माणसाचं तर बोलायलाच तयार नाही. मी तिथंच सांगितलं, यापुढे हाताने चाक फिरवायची वेळ आली तर जोडीदार येईपर्यंत ब्रेकला हात लावणार नाही, आत अडकलेल्या माणसाशी दारातून बोलत बसेन. हे मी लेखीही दिलंय.

वहिनी, लॅच बसवलं. वेल्डिंग धरून ८५० रुपये झाले, घरमालक काही बोलले नाहीत. परवा १२.५० ला फोन आला, दार ओढून घेतलं, खट्ट झालं आणि निघालो. ‘निघालो’चा मेसेज टाकला तर लगेच निळ्या खुणा आल्या. तुम्ही म्हणालात तशी ती जागीच होती. पण पडून होती. साडेचारसाठी खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात, मुलगी मात्र अजून तिथं झोपायला तयार नाही.

भाऊ, एक विचारायचं राहिलं. मागच्या महिन्यांचे तास वहीत आहेत, पण सगळ्यांना रजिस्टरचा पुरावा नाही. पुरावा आहे तेवढेच आता मागू आणि बाकीचे नंतर, की सगळे एकदमच लिहू?


चाकण_युनियनवाला

सगळे लिहा. पुराव्याचे वेगळ्या पानावर, वहीतले वेगळ्या पानावर, आणि वहीची मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. रविवारी दुपारी मी चिंचवड स्टेशनला येतोय, सातही जणांना घेऊन या, तिथं बसून लिहून टाकू. कबूल केलेलं त्याच्याकडून लेखी घेतलंय का? नसेल तर त्याआधी ते घ्या.